बंधपत्रावर सुटलेल्या माणसावर नवा गुन्हा दाखल झाला, तर मोफत विधी साहाय्य किती कामाचं? एक परीक्षण

न्यायालयाने दोषी ठरवूनही शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेला माणूस नव्या गुन्ह्यात अडकला की त्याच्यापुढे एकाच वेळी दोन संकटं उभी राहतात. नव्या प्रकरणातली अटक, कोठडी आणि जामिनाची धावपळ सगळ्यांना दिसते. ज्या न्यायालयाने त्याला पूर्वी सोडलं, तिथली राखून ठेवलेली शिक्षा पुन्हा समोर येऊ शकते, हे मात्र घरच्यांच्या लक्षातही नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारी मोफत वकिलाची सेवा या दोन्ही ठिकाणी मागता येते. इथे त्या सेवेचा विचार फक्त या एका प्रसंगापुरता केला आहे.

मत आधीच सांगतो. नव्या प्रकरणातल्या रिमांडसाठी (आरोपीला कोठडीत ठेवायचं का, हे ठरवणाऱ्या सुनावणीसाठी) आणि जामिनासाठी ही सेवा चांगली आहे, आणि घाईघाईत कोर्टाच्या आवारात गाठलेल्या अनोळखी वकिलापेक्षा तर नक्कीच बरी. जुन्या बंधपत्राच्या बाबतीत मात्र ती आपणहून हलत नाही. तिथे सेवा मागावी लागते, आणि नेमक्या शब्दांत मागावी लागते.

आधी कायदा नीट समजून घ्या

बंधपत्रावरच्या अशा सुटकेला परिवीक्षा (प्रोबेशन) म्हणतात. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली सुटलेल्या अनेकांचा समज असतो की शिक्षा माफ झाली. तसं नसतं. दोषसिद्धी झालेली असते, शिक्षा किती हे सांगणं तेवढं थांबवलेलं असतं. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. या काळात बोलावल्यास हजर राहून शिक्षा घेईन आणि तोवर शांतता राखून चांगलं वागेन, असं त्यात लिहून दिलेलं असतं. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली असेल तर ती किमान एक वर्षाची असते, आणि त्या आदेशात राहण्याचा पत्ता, व्यसन न करणं, ठरलेल्या दिवशी हजेरी अशा वेगळ्या अटी येऊ शकतात. या आदेशाची प्रत आरोपीला आणि जामीनदाराला द्यायची असते. ती बहुतेकांना मिळालेली असते आणि बहुतेकांनी हरवलेली असते.

नवा एफआयआर झाला म्हणजे बंधपत्र आपोआप मोडलं, असं कायदा म्हणत नाही. कलम ९ चा क्रम असा आहे: परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा इतर मार्गाने अट मोडल्याचं मानायला न्यायालयाला कारण दिसलं पाहिजे. मग ते अटकेचं वॉरंट काढू शकतं किंवा आरोपीला आणि जामीनदारांना समन्स पाठवू शकतं. हजर झाल्यावर सुनावणी होईपर्यंत कोठडीत ठेवता येतं किंवा जामिनावर सोडता येतं. सुनावणीनंतर अट मोडल्याची खात्री पटली तर दोन रस्ते आहेत. एक, मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथेच सुनावणं. दुसरा, अट पहिल्यांदाच मोडली असेल तर बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करणं. हा ५० रुपयांचा आकडा १९५८ चाच आहे. म्हणून त्याकडे किरकोळ तरतूद म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात तुरुंग आणि घर यांच्यामध्ये अनेकदा हीच तरतूद उभी असते. हा दंड ठरवून दिलेल्या मुदतीत भरला नाही, तर न्यायालय पुन्हा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेकडे वळू शकतं. म्हणून तो त्याच दिवशी भरून पावती घ्यावी.

‘इतर मार्गाने’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. परिवीक्षा अधिकारी गप्प राहिला तरी पोलीस किंवा मूळ फिर्यादी ही माहिती न्यायालयापुढे आणू शकतो.

सेवा मिळते कशी, आणि पहिल्या दिवशी काय चुकतं

अटकेनंतर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. रिमांडच्या वेळी मोफत वकील उपलब्ध असतो. बऱ्याच जिल्ह्यांत आता २०२२ च्या योजनेनुसार नेमलेले पूर्णवेळ बचाव वकील हे काम करतात. मुख्य वकिलाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा, उपमुख्य वकिलाला ७ वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्यांना खासगी प्रकरणं घेता येत नाहीत. जिथे ही व्यवस्था नाही तिथे प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील मिळतात. पूर्णवेळ वकील असेल तर सेवेचा दर्जा उंचावतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो रोज त्याच न्यायालयात असतो आणि पुढच्या तारखेलाही तोच उभा राहण्याची शक्यता जास्त असते.

पात्रतेचा नियम सोपा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांचं उत्पन्न पाहिलं जात नाही. म्हणजे अटकेत असलेल्या माणसासाठी उत्पन्नाचा दाखला आणायला तहसील कार्यालयात पळण्याची गरज नाही. तो जामिनावर बाहेर आल्यानंतर बंधपत्राच्या प्रकरणासाठी नव्याने अर्ज केला तर मात्र उत्पन्नाचा प्रश्न येऊ शकतो. म्हणून कोठडीत असतानाच दोन्ही प्रकरणांसाठी वकील मागून ठेवणं शहाणपणाचं.

पहिल्या दिवशीचा सगळ्यात मोठा घोटाळा एका प्रश्नात होतो. वकीलपत्रावर सही घेताना वकील विचारतो, “आधीची काही केस आहे का?” आणि भीतीपोटी उत्तर येतं, “नाही.” दहा मिनिटांनी सरकारी पक्षाचा रिमांड अर्ज वाचला जातो आणि त्यात जुन्या प्रकरणाचा क्रमांक, कलम आणि ‘परिवीक्षेवर असताना पुन्हा गुन्हा’ ही ओळ असते. वकिलाकडे त्यावर उत्तर नसतं. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, तो ते कुणाला सांगू शकत नाही. त्याला सगळं सांगा: कोणत्या न्यायालयाने सोडलं, कोणत्या कलमाखाली, मुदत कधी संपते, शेवटची हजेरी कधी लावली.

घरच्यांनी त्या दिवशी गोळा करायचे कागद म्हणजे मूळ निकालाची प्रत, बंधपत्राची प्रत, देखरेखीच्या आदेशाची प्रत, परिवीक्षा अधिकाऱ्याकडच्या हजेरीच्या नोंदी आणि नुकसानभरपाईचा आदेश असेल तर भरल्याच्या पावत्या. प्रती हरवल्या असतील तर मूळ न्यायालयात नकलेचा अर्ज द्या. विधी साहाय्य मंजूर झालं असेल तर प्रमाणित प्रतींचा खर्चही त्यातच येतो. हे अनेकांना सांगितलं जात नाही आणि लोक खिशातून पैसे भरत राहतात. नव्या एफआयआरची प्रत संवेदनशील गुन्हे वगळता पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार ती साधारण २४ तासांत चढवायची असते.

सेवा जिथे कमी पडते

वकिलाची नेमणूक प्रकरणानुसार होते, माणसानुसार होत नाही. या एका गोष्टीतून पुढच्या बहुतेक अडचणी येतात. नव्या प्रकरणात नेमलेल्या वकिलाकडे त्या प्रकरणाचं नेमणूकपत्र असतं. जुनं न्यायालय दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथे उभं राहण्याचा आदेश त्याच्याकडे नसतो. जुन्या प्रकरणात पूर्वी मोफत वकील मिळाला असला तरी निकालाबरोबर त्याचं काम संपलेलं असतं. मधल्या जागेत कुणीच नसतं.

याचा परिणाम कसा होतो ते पाहा. माणूस नव्या प्रकरणात न्यायालयीन कोठडीत जातो. परिवीक्षा अधिकाऱ्याकडची महिन्याची हजेरी चुकते, अहवाल जातो. जुनं न्यायालय घरच्या पत्त्यावर समन्स काढतं. माणूस तुरुंगात असल्याने ते बजावलं जात नाही, ‘मिळून आला नाही’ असा शेरा पडतो आणि पुढच्या तारखेला अजामीनपात्र वॉरंट निघतं. तिकडे नव्या प्रकरणात जामीन मंजूर होतो, जामीनदार उभा राहतो, कागद तुरुंगात पोचतात, आणि सुटकेच्या दारातच जुन्या न्यायालयाच्या वॉरंटवर त्याला ताब्यात घेतलं जातं. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. जुन्या न्यायालयाला तो तुरुंगात आहे हे सांगणारा माणूस नव्हता, एवढंच.

हे टाळायला एकच अर्ज पुरतो. तो प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे द्यायचा. तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रातल्या विधी स्वयंसेवकाकडून तो लिहून घेता येतो. मजकूर साधा ठेवावा:

“मी अमुक न्यायालयाच्या प्रकरण क्रमांक अमुक मधील दिनांक अमुकच्या आदेशाने परिवीक्षेवर आहे. माझ्यावर अमुक पोलीस ठाण्यात गुन्हा क्रमांक अमुक दाखल झाला असून मी अमुक कारागृहात आहे. नव्या प्रकरणासाठी आणि वरील बंधपत्राच्या प्रकरणात कलम ९ खाली कार्यवाही झाल्यास तिच्यासाठी, अशा दोन स्वतंत्र नेमणुका कराव्यात. मी कारागृहात असल्याची माहिती बंधपत्राच्या न्यायालयाला आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांना कळवावी.”

न्यायालय दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर अर्ज तिथल्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची विनंती शेवटी जोडा. पोच मागा. जुनं न्यायालय हजर करण्याचा आदेश काढत असेल तर तो तुरुंग अधीक्षकांच्या नावे काढावा, म्हणजे प्रोडक्शन वॉरंट निघावं, अशी मागणी तिथल्या वकिलाने करायची. घरच्या पत्त्यावरचं समन्स अशा वेळी निरुपयोगी असतं.

नव्या प्रकरणात जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ चे निर्देश आहेत. सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात, त्यामुळे त्यांच्या पत्राला वजन असतं. जामीनदार मिळत नसेल तर केंद्र सरकारच्या गरीब कैद्यांना साहाय्य करणाऱ्या २०२३ च्या योजनेचा अर्जही याच मार्गाने जातो.

परिवीक्षा अधिकाऱ्याला काय सांगायचं

महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतात. विधी सेवा प्राधिकरणाशी त्यांचा रोजचा संबंध नसतो, आणि मोफत वकील बरेचदा त्यांना फोनही करत नाहीत. हा या सेवेतला आम्हाला सर्वांत खटकणारा दोष आहे. कलम ९ ची कार्यवाही याच अधिकाऱ्याच्या अहवालावर उभी राहू शकते, आणि बंधपत्राच्या अटी बदलण्याचा कलम ८ चा अर्जही त्याच्याकडूनच जावा लागतो. एवढ्या महत्त्वाच्या माणसाशी वकिलाने एकदाही न बोलणं परवडणारं नाही.

पोलिसांकडून कळण्याआधी घरच्यांनी लेखी कळवणं चांगलं: अटक कधी झाली, कोणतं पोलीस ठाणं, सध्या कुठे आहे, हजेरी का लावता येणार नाही. एवढंच. नव्या घटनेत काय झालं, कोण कुठे होतं, याचा एक शब्दही लिहू नये आणि बोलू नये. परिवीक्षा अधिकारी न्यायालयाला अहवाल देणारा लोकसेवक आहे, तो तुमचा वकील नव्हे. सहानुभूतीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही अहवालात जाऊ शकतं.

जामिनाच्या अर्जात पाहायच्या गोष्टी

या बाबतीत सेवेला आम्ही चांगले गुण देतो, वकिलाला पूर्ण माहिती मिळाली असेल तर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जामिनाची कलमं ४७८ ते ४८३ च्या पट्ट्यात आहेत. अजामीनपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याचा अधिकार पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे आकसू शकतो: पूर्वीचा गुन्हा सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असेल, किंवा तीन ते सात वर्षांच्या आतल्या दखलपात्र गुन्ह्यात दोनदा दोषसिद्धी असेल, तर कलम ४८० ची आडकाठी येते. महिला, आजारी किंवा अशक्त व्यक्तींना त्यातून सूट देता येते, आणि विशेष कारण असेल तर इतरांनाही. म्हणून मूळ गुन्हा कोणत्या कलमाचा हे वकिलाला पहिल्या दिवशीच कळलं पाहिजे. अर्ज दंडाधिकाऱ्याकडे करायचा की थेट सत्र न्यायालयात, हे त्यावर ठरतं.

कच्च्या कैद्याची ठरावीक काळानंतर सुटका करणाऱ्या कलम ४७९ मध्येही फरक पडतो. ज्याची पूर्वी कधीच दोषसिद्धी झालेली नाही त्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर लाभ मिळतो. परिवीक्षेवरचा माणूस आधी दोषी ठरलेला असल्याने त्याने निम्म्या काळाचंच गणित धरावं. घरच्यांना कुणी एक तृतीयांश सांगितलं असेल तर ती आशा चुकीची ठरू शकते.

आता एक बारीक पण नेहमी चुकणारी गोष्ट. जामीन देताना न्यायालय कधीकधी अट घालतं: फिर्यादी राहतो त्या तालुक्याच्या हद्दीत यायचं नाही. बंधपत्रात मात्र त्याच तालुक्यातल्या पत्त्यावर राहण्याची आणि तिथल्याच परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरीची अट असते. एक अट पाळली की दुसरी मोडते. पोलीस ठाण्यातली सोमवारची हजेरी आणि परिवीक्षा अधिकाऱ्याने दिलेला वार एकच निघाला, तरी तोच पेच. चांगला वकील जामिनाच्या सुनावणीतच बंधपत्राची प्रत पुढे करतो आणि अट तशी घडवून घेतो. ते राहून गेलं तर जामिनाच्या अटीत शिथिलतेचा अर्ज किंवा परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत कलम ८ चा अर्ज, हे दोन मार्ग उरतात. कलम ८ खाली मुदतही कमी-जास्त होऊ शकते, पण मूळ आदेशापासून एकूण तीन वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि आरोपीचं व जामीनदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय बदल करता येत नाही.

कलम ९ ची सुनावणी: वकिलाची खरी परीक्षा

इथे दोन मोफत वकिलांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साधारण वकील नोटिशीला लांबलचक म्हणणं दाखल करतो: त्या दिवशी अशील अमुक ठिकाणी होता, भांडण समोरच्याने सुरू केलं, फक्त ढकलाढकली झाली. हेतू चांगला असतो, पण त्या कागदातला घटनास्थळी हजर असल्याचा उल्लेख नव्या खटल्यात सरकारी पक्षाच्या कामी येऊ शकतो. जाणकार वकील आरोप नाकारतो, नवा खटला प्रलंबित असल्याने घटनेच्या तपशिलावर बोलणार नाही असं सांगतो आणि त्या खटल्याच्या निकालापर्यंत बंधपत्राची कार्यवाही थांबवण्याची विनंती करतो. न्यायालय ती मान्य करेलच असं नाही. अट मोडल्याची खात्री पटायला नव्या प्रकरणात दोषसिद्धी झालीच पाहिजे, असं कलमाच्या शब्दांत कुठे नाही. पण विनंती नोंदवलेली असणं आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) तिचा उल्लेख येणं महत्त्वाचं आहे.

त्याच्या जोडीने पर्यायी मागणी हवीच: अट मोडल्याचं मानलं तरी ही पहिलीच वेळ आहे, म्हणून दंड करून बंधपत्र चालू ठेवावं. तिला आधार म्हणून नियमित हजेरीच्या नोंदी, नोकरीचं पत्र, भरलेली भरपाई, देखरेखीचा संपलेला काळ हे सगळं सादर करायचं. चुकलेली हजेरी तुरुंगात असल्यामुळे चुकली, हे तुरुंगाच्या दाखल्याने दाखवायचं.

शिक्षा सुनावण्याची वेळ आलीच तर मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर युक्तिवाद तेव्हा पहिल्यांदा होत असतो. तो दोन वाक्यांत उरकू देऊ नका. इथे तीन गोष्टी मागाव्या लागतात. मूळ प्रकरणात पूर्वी कोठडीत काढलेले दिवस वजा होणं (संहितेचं कलम ४६८). नव्या प्रकरणातले कोठडीचे दिवस जुन्यात आपोआप धरले जात नाहीत, दोन्हींचे दाखले वेगळे लागतात. आणि दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हा प्रश्न. कलम ४६७ नुसार न्यायालयाने वेगळं सांगितलं नाही तर दुसरी शिक्षा पहिली संपल्यावर सुरू होते. ‘एकत्र भोगाव्यात’ हे शब्द आदेशात नसतील तर महिन्यांचा फरक पडतो. वकिलाने तोंडी मागितलं आणि आदेशात आलं नाही, असंही होतं. म्हणून लेखी अर्ज.

शिक्षा झाली तर आणखी एक गोष्ट जाते. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, असं परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२ सांगतं, पण नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली गेली तर हे संरक्षण उरत नाही. नोकरीत असलेल्या किंवा भरतीची तयारी करणाऱ्या माणसाने हे आधीच जाणून घ्यावं.

‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’

नवं प्रकरण किरकोळ असलं की हा सल्ला सगळीकडून येतो. लोकअदालतीच्या दिवशी किरकोळ फौजदारी खटले कबुलीवर निकाली काढण्याची मोहीमही चालते. इतरांसाठी ती खरोखर सोयीची आहे. बंधपत्रावरच्या माणसासाठी ती धोक्याची आहे, आणि हा धोका तिथे कुणी समजावून सांगत नाही. काहीशे रुपयांच्या दंडाची कबुली म्हणजे मुदतीच्या आत झालेली दुसरी दोषसिद्धी. जुन्या न्यायालयाला मग अट मोडली का, हे शोधत बसावं लागत नाही. शिवाय नव्या प्रकरणात फक्त समज देऊन सोडण्याचा परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ३ चा लाभही मिळत नाही, कारण कलम ३ किंवा ४ खालचा आधीचा आदेश तिथे पूर्वीची दोषसिद्धी म्हणूनच धरला जातो. प्रकरण तडजोडीने मिटण्याजोगं असेल, फिर्यादी तयार असेल, तर तडजोड हा वेगळा आणि बराच सुरक्षित मार्ग आहे. कबुलीच्या कागदावर सही करण्याआधी बंधपत्र वकिलाला दाखवा.

पोलिसांची चॅप्टर केस म्हणजे नवा गुन्हा नव्हे, ती प्रतिबंधात्मक कार्यवाही असते. पण तिच्यातली नोटीस दुर्लक्षित राहिली तर तिचा उल्लेख अहवालात येतो. तिथेही वकील मागा.

जामीनदाराकडे बहुधा कुणी लक्ष देत नाही. बंधपत्राची रक्कम जप्त का करू नये अशी नोटीस त्याला येऊ शकते. तो आरोपी नसल्याने आरोपीचा मोफत वकील त्याच्यासाठी उभा राहतोच असं नाही. तो स्वतः पात्र असेल तर वेगळा अर्ज करू शकतो. रकमेचा काही भाग सोडून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो मागितल्याशिवाय वापरला जात नाही.

हेल्पलाइन, ॲप आणि तक्रार

१५१०० ही निःशुल्क हेल्पलाइन सल्ल्यासाठी आणि योग्य कार्यालयाचा पत्ता मिळवण्यासाठी ठीक आहे. तिथून अर्ज दाखल होईल किंवा वकील न्यायालयात पोचेल अशी अपेक्षा ठेवू नका. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे मोफत ॲप मात्र प्रत्येक घराने फोनमध्ये ठेवावं. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. क्रमांक नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकूनही शोधता येतं. जुनं प्रकरण निकाली म्हणून दिसतं, त्यामुळे बंधपत्रावर नवी कार्यवाही वेगळ्या अर्जाच्या क्रमांकाने नोंदली गेली असेल तर ती त्याखाली सापडणार नाही. पक्षकाराच्या नावाने वेगळा शोध घ्या आणि शंका असेल तर त्या न्यायालयाच्या कारकुनाला विचारा.

मोफत वकिलाने पैसे मागायचे नसतात, टायपिंगच्या नावाखालीही नाही. मागितले किंवा वकील तारखांना येत नसेल, तर सचिवांकडे प्रकरण क्रमांक आणि तारखांसह लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. कोणता वकील मिळावा हे निवडण्याची मुभा मर्यादित आहे, बदल मात्र कारण दिलं तर होतो. मूळ गुन्हा आणि नवा गुन्हा दोन्ही गंभीर असतील, न्यायालयं दूरच्या दोन जिल्ह्यांत असतील आणि ऐपत असेल, तर दोन्हीकडे जाणारा एकच खासगी वकील करणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. बाकी बहुतेकांना दोन लेखी नेमणुकांसह ही सेवा पुरेशी आहे.

कलम ९ खाली शिक्षा झालीच, तर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यायचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि माणूस तोवर जामिनावर असेल, तर अपील करण्याचा इरादा सांगून त्याच न्यायालयात तिथल्या तिथे शिक्षा स्थगितीचा अर्ज करता येतो. तो अर्ज टाइप करून वकिलाच्या फाइलमध्ये आधीच तयार आहे ना, हे सुनावणीच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. तुरुंगात असलेल्या माणसाचं अपील अधीक्षकांमार्फतही दाखल होतं, आणि त्यासाठीचा मोफत वकील पुन्हा नव्या अर्जानेच मिळतो, कारण जुन्या नेमणुका त्या निकालाबरोबर संपलेल्या असतात.